एका चुलीवर दोघी

चिप बनवणाऱ्या कंपनीची कथा आपण बायकांनी कशाला वाचायची, असं कुणी विचारेल. पण एएमडी या अमेरिकन कंपनीबद्दल मी वाचत गेले, तेव्हा मला त्यात एक ओढाताणीचं घरच दिसलं. अशा घराची ओढाताण बाहेरच्यांना कळायला काही वर्षं जातात. चिपचंही तसंच आहे. आज दुकानात आलेला प्रोसेसर चार-पाच वर्षांपूर्वी ठरलेला असतो.

2003 मध्ये या कंपनीच्या ॲथलॉन 64 ने बलाढ्य इंटेलला घाम फोडला होता. कंपनीची 64 बिटांची पद्धत पुढे इंटेललाच उचलावी लागली. मग 2006 चा जुलै आला. इंटेलने कोअर 2 आणला आणि त्याच महिन्यात एएमडीने एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी 5.4 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. त्यासाठी मोठं कर्ज काढलं. बाजारात मागे पडायला लागलेल्या घरानं काढलेलं हे लग्नच म्हणायचं! त्याआधीच, 2005 मध्ये, इंटेल आपल्याला बाजारात वाट मिळू देत नाही म्हणून कंपनी कोर्टात गेली होती. 2009 च्या नोव्हेंबरात तडजोड झाली, सव्वा अब्ज डॉलर मिळाले. पण तोवर वर्षं निघून गेली होती, आणि त्याच वर्षी कंपनीने आपले चिपचे कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीजकडे दिले होते.

अशा दिवसांत घडलेला बुलडोझर 2011 च्या ऑक्टोबरात बाजारात आला. आठ कोअर, असा त्याचा गाजावाजा. कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे हात. आता या आठांची मांडणी बघा. दोन-दोन कोअरची एक जोडी. साधी आकडेमोड करायला प्रत्येकीचं स्वतःचं पोळपाट-लाटणं, पण दशांशांच्या गणिताची चूल दोघींत एक आणि पुढचं काम कोणतं ते सांगणारी सासूही एकच. शिवाय आधीच्या चिपमध्ये एका कोअरला आकडेमोडीचे तीन भाग होते, इथे दोनच उरले. जागा वाचली, खर्च वाचला. एकेकीचं काम कमी झालं तरी घड्याळाचा वेग वाढवून भरून काढू, असा हिशेब होता.

तो वेग हवा तेवढा मिळालाच नाही, आणि वीज मात्र भरमसाट लागू लागली. त्या काळचे बहुतेक प्रोग्रॅम आणि खेळ एक-दोन कोअरवरच सगळा भार टाकायचे. त्यामुळे आठांपैकी बाकीच्या बसून. काही चाचण्यांत तर हा नवा प्रोसेसर घरच्याच जुन्या फेनॉमपेक्षा मागे पडला. मला वाटतं, कल्पना वेडी नव्हती. ती वेळेआधी आली, आणि चुकली तर सावरायला गाठीला पैसा नव्हता. इंटेलची एखादी चिप फसली तरी तिचं घर चालत होतं. इथे महिन्याभरात दहा टक्के माणसं कमी करायचं जाहीर झालं. 2013 मध्ये ऑस्टिनचा स्वतःचा परिसर 164 दशलक्ष डॉलरला विकून कंपनी तिथेच भाड्याने राहिली. हे वाचताना मी थांबलेच. इंटेल 2014 मध्ये 14 नॅनोमीटरवर पोचली, तेव्हा बुलडोझरच्या वंशातले एफएक्स प्रोसेसर अजून 32 वरच होते.

मधल्या काळात, 2012 मध्ये, जिम केलर हा जुना अभियंता परत आला. 2014 च्या ऑक्टोबरात लिसा सू प्रमुख झाल्या. नव्या आराखड्यात वाटून घेतलेली चूल गेली आणि प्रत्येक कोअरला आपला सगळा संसार मिळाला. रायझन 2017 च्या मार्चमध्ये विक्रीला आला.

आठ कोअर म्हणून बुलडोझर घेतलेल्यांनी अमेरिकेत दावा लावला होता. तो मिटवायला 2019 मध्ये कंपनीने 12.1 दशलक्ष डॉलर द्यायचं मान्य केलं. एका चुलीवरच्या दोघींना दोन घरं मोजायचं की एक, याचा निकाल मात्र कोर्टाने दिला नाहीच.