तरंगंबाडीचा मुंगळा आणि खंबातचा भुंगेरा

गुळाच्या ढेपेपाशी मुंगळा दिसला की त्याला वेगळे नाव द्यावे असे कोणाच्या मनातही येत नाही. मराठी घरात तो मुंगळा, तमिळ घरात तो कट्टेरुंबू. विज्ञानाच्या नोंदीत मात्र तो ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ आहे. त्या नावातील ‘कॉम्प्रेसस’ हा भाग १७८७ सालचा आहे. कील येथील प्राध्यापक योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस यांनी त्या वर्षी ‘मॅन्टिसा इन्सेक्टोरम’ या ग्रंथात या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा नमुना तंजावूर राज्याच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीहून आला होता.

त्याच वर्षी तंजावूरचे राजे तुळजाजी भोसले मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या आतील एका मुलाला दत्तक घेत होते. पुढे सरफोजी दुसरे म्हणून प्रसिद्ध झालेला, ग्रंथांचा आणि विज्ञानाचा वेड लागलेला राजा तो हाच. एका राज्यात एकाच वर्षी या दोन घटना घडल्या. दोन्हींचा एकमेकींशी उघड संबंध नव्हता. तरीही सव्वादोनशे वर्षांनंतर अंबरात सापडलेल्या एका नामशेष भुंगेऱ्याची कथा समजून घ्यायची, तर सुरुवात याच किनाऱ्यापासून करणे सोयीचे ठरते.

तरंगंबाडी ही डॅनिश वसाहत. १६२० साली रघुनाथ नायक यांच्याशी झालेल्या करारातून ती वसली. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावूर घेतले, तरी वसाहत राहिली आणि तिचे वार्षिक देणे तंजावूरच्या दरबारात येत राहिले. १७६८ मध्ये तेथे योहान गेरहार्ड क्योनिग हा वैद्य उतरला. तो कार्ल लिनियसचा शिष्य होता. फॅब्रिशियसही त्याच गुरूचा शिष्य. क्योनिगने तंजावूर परिसरातील वाळवीचा अभ्यास करून १७७९ साली बर्लिनच्या एका नियतकालिकात तिचा जीवनक्रम प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील वाळवीवरचा हेन्री स्मीथमन यांचा गाजलेला निबंध त्यानंतर दोन वर्षांनी, १७८१ मध्ये आला. कीटकांच्या सामाजिक जीवनाच्या अभ्यासात तंजावूरच्या मातीचे स्थान इतके जुने आहे.

कीटक पकडला, वाळवला, टाचणीला टोचला, जहाजात चढवला आणि महिन्यांनी युरोपात कोणीतरी भिंगाखाली धरून लॅटिनमध्ये दोन ओळी लिहिल्या, की जातीला नाव मिळे. फॅब्रिशियस यांनी आयुष्यात सुमारे दहा हजार कीटकांना अशी नावे दिली. त्यांच्या अनेक नोंदींत वसतिस्थान म्हणून तरंगंबाडीचे लॅटिन रूप वाचायला मिळते. त्यांच्या संग्रहाचा बराचसा भाग आज कोपनहेगनमध्ये आहे. जातीचे नाव ज्या नमुन्यावर उभे असते तो प्ररूप-नमुना पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला तपासावा लागतो. म्हणून तंजावूरच्या किड्याविषयी वाद उद्भवला, तर निवाड्यासाठी युरोपातील कपाट उघडावे लागते. ज्या स्थानिक हातांनी ते किडे शोधले, त्यांची नावे लॅटिन नोंदींत येत नाहीत.

आता दुसरा धागा. फॅब्रिशियस यांच्या त्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १७९० मध्ये, युरोपात ‘क्लॅव्हिजर’ या प्रजातीचे वर्णन झाले. क्लॅव्हिजर म्हणजे मुद्गर धारण करणारा; या इवल्याशा भुंगेऱ्याच्या शृंगिका टोकाला जाड असतात. १८१८ मध्ये म्युलर या जर्मन निरीक्षकाने त्याचे रहस्य टिपले. हा भुंगेरा मुंग्यांच्या वारुळात राहतो, मुंग्या त्याच्या अंगावरील केसांच्या झुबक्यांतून पाझरणारा स्राव चाटतात आणि त्याला आपल्या तोंडातील अन्न भरवतात. या गटाच्या आज सुमारे पावणेचारशे जाती ज्ञात आहेत. पण हे परावलंबन सुरू केव्हा झाले, हे जिवंत भुंगेरे सांगू शकत नव्हते.

उत्तर भारतातून आले. गुजरातमधील सुरत जिल्ह्यात लिग्नाइटच्या खाणींत अंबर, म्हणजेच तृणमणी, सापडते. घासल्यावर ते गवताची काडी ओढते म्हणून तृणमणी. ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्दही अंबराच्या ग्रीक नावावरूनच आला. खंबातच्या खोऱ्यातील हे अंबर साल वृक्षाच्या कुळातील झाडांच्या राळेपासून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. त्यातील कीटकांचा विस्तृत परिचय २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये जोसेफ पार्कर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी त्याच अंबरातील एका भुंगेऱ्याला ‘प्रोटोक्लॅव्हिजर ट्रायकोडेन्स’ असे नाव दिले.

नाव नवे असले तरी निवाडा जुन्याच पद्धतीने झाला: जिवंत नातलगांशी अवयवागणिक तुलना. आजच्या क्लॅव्हिजरवर्गीय भुंगेऱ्यांत उदराच्या पाठीवरील खंड जुळून एक मोठे कवच झालेले असते. या जीवाश्मात ते अजून सुटे आहेत. केसांचे झुबके मात्र आधीच हजर आहेत. म्हणजे देह पूर्ण बदलण्यापूर्वीच मुंग्यांशी सलगी झाली होती. त्या काळच्या अंबरांत मुंग्या आजच्या मानाने थोड्या सापडतात. मुंग्यांचे साम्राज्य उभे राहत असतानाच त्यांच्या घरात पाहुणा शिरला होता.

हा निष्कर्ष काढता आला तो आजच्या शेकडो जाती कोणीतरी आधी नीट पाहून, मोजून, नावे देऊन ठेवल्या होत्या म्हणून. जिवंतांची यादी अपुरी असेल, तर मृताला कोणत्या कुळात बसवायचे हे ठरत नाही. पुढे १७९८ ते १८३२ या काळात सरफोजींनी सरस्वती महालात युरोपीय ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास करविला आणि देवनागरी छापखाना चालवला. ग्रंथ, चित्र आणि निरीक्षण हे तिन्ही तंजावूरात होते. प्ररूप-नमुने जपणारे कपाट मात्र समुद्रापलीकडे राहिले.

खंबातचा प्रत्येक नवा अंबरखंड तोच प्रश्न पुन्हा समोर ठेवतो: खडा इथला, किडा इथला, मग त्याची तुलना करणारा संग्रह आणि अभ्यासक कुठे असावेत? मुंगळा आजही गुळापाशी येतो. त्याच्या वारुळात कोण राहते, हे पाहायला अंबर लागत नाही; भिंग आणि धीर पुरतो.