पायाची जखम, सिकलसेल आणि साखरेचा रिपोर्ट

या वीकेंडला थोडा इतिहास, आणि तोही आमच्या गोंदियाकडचा.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानासाठी प्रसिद्ध. पण पूर्व विदर्भाची दुसरीही एक ओळख आहे, सिकलसेल. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचं पहिलं वर्णन छापलं, तेव्हा त्यांच्या पेशंटच्या पायांवर जुन्या जखमांचे व्रण होते. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं १९५८ साली. म्हणजे एक जीन बदलला की पाय चिघळू शकतो, हे जुनंच ज्ञान.

मग मधुमेहातल्या जखमेमागेही असाच एखादा जीन असेल का? २०१७ साली स्कॉटलंडमधल्या मधुमेहींवर असा शोध झाला. एका जीनजवळ खूण सापडली, पण आनुवंशिकतेचा एकूण वाटा निघाला सुमारे ६ टक्के. बाकी खेळ साखरेचा, बधिर झालेल्या नसांचा, रक्तपुरवठ्याचा आणि चपलेचा. सिकलसेलची जखम बहुधा घोट्याजवळ होते आणि ठणकते. मधुमेहाची बहुतेकदा तळव्याला होते आणि दुखतच नाही. खरी गोची तिथेच आहे.

तरीही गोंदियात जीन विसरून चालत नाही. का? तर रिपोर्टमुळे. १९६८ साली तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. त्यातूनच पुढे 'तीन महिन्यांची साखर' सांगणारी एचबीए१सी टेस्ट आली. ही टेस्ट हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या पेशंटमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. आणि नुसत्या वाहकांचं काय? २०१७ च्याच एका अमेरिकन अभ्यासात साखर तेवढीच असताना कृष्णवर्णीय वाहकांचा आकडा सरासरी ०.३ ने कमी आला.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तापलाय आणि डॅशबोर्ड हिरवा!

माझे मामा सालेकशाकडे धान लावतात. शुगर आहे, सिकलसेलचे वाहकही आहेत. बांधीत दिवसभर अनवाणी. रिपोर्ट 'कंट्रोलमध्ये' म्हणून खूश असतात. ०.३ हा तसा छोटाच आकडा. पण काठावरच्या माणसाला तेवढ्यानेच 'सगळं ठीक' वाटतं आणि तळव्यात रुतलेला काटा त्याला कळतही नाही. मी त्यांना उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीही शुगर तपासायला सांगितलंय. आणि डॉक्टरांना सिकलसेलचं आवर्जून सांगायलाही.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालंय, तपासणी होते. तर मंडळी, तुमचं कुणी विदर्भात असेल आणि त्यांना शुगर असेल, तर आज फोनवर दोनच गोष्टी विचारा. सिकलसेलची तपासणी झाली का? आणि रोज रात्री तळपाय बघता का?

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.