जहाजाचें बूड आणि माशाची कातडी

भाईंदर पूर्वेस खारी गांव आहे आणि त्याच्या उत्तरेस वसईची खाडी. याच खाडीच्या वरच्या अंगास, कल्याण-भिवंडीकडे, शिवाजी महाराजांनीं १६५७ नंतर आपलें आरमार बांधावयास घेतलें. इतिहासकार त्या गलबतांच्या तोफा मोजतात. त्यांच्या बुडाची चौकशी मात्र क्वचितच होते.

लाकूड खाऱ्या पाण्यांत कांहीं महिने राहिलें कीं त्यावर प्रथम शेवाळ धरतें, मग लहान कवचधारी जीव चिकटतात. अशा खडबडीत बुडास पाण्याचें घर्षण फार होतें, आणि वारा अनुकूल असूनहि गलबत रेंगाळतें. पाठलाग करणाऱ्यास हें जिवावर बेतणारें होतें. म्हणून अरबी समुद्रांतील नावाडी गलबत किनाऱ्यावर ओढून बूड खरवडीत आणि त्यास चुना व चरबी यांचें लिंपण देत. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं होड्या शाकारण्याची चाल आहे, तिचा हाहि एक लाभ. मोठ्या जहाजांसाठीं मुंबईस १७५० सालीं कोरडी गोदी झाली. लवजी वाडियांचें नांव तिच्याशीं जोडलेलें आहे.

इंग्रजांनीं १७६१ सालीं, म्हणजे पानिपतच्याच वर्षीं, ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. तांबें त्या जीवांस विषारी. येथून पुढें दोन शतकें माणसाची बुद्धि विषाकडेच वळली. विसाव्या शतकांत कथिलाच्या संयुगाचे रंग आले. जहाजें स्वच्छ राहिलीं, पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरांतील कालवांचीं कवचें वेडींवांकडीं झालीं. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें हे रंग निषिद्ध ठरले. तो करार २००८ सालीं अमलांत आला.

मासा मात्र आपल्या अंगावर बुळबुळीत थर बाळगतो. १९७१ सालीं रोझेन व कॉर्नफर्ड यांनीं माशांचा हा चिकट द्रव पाण्यांत मिसळून पाहिला, तेव्हां बाराकुडा माशाच्या द्रवानें खळबळत्या प्रवाहाचें घर्षण साठ टक्क्यांहून अधिक घटलें. पुढें जपानच्या निप्पॉन पेंट मरीन या कारखान्यानें कुपा माशाच्या कातडीवरून हायड्रोजेलचा रंग काढला. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ. त्यामुळें बुडाच्या खांचखळग्यांत पाण्याचाच पातळ थर बसतो आणि पाणी पाण्यावरून घसरतें. घर्षण घटलें कीं तेल वांचतें. तथापि अशा बहुतेक रंगांत जीव चिकटूं नयेत म्हणून अद्याप तांब्याचें संयुग मिसळावें लागतें. माशाला त्याची गरज पडत नाहीं. तो आपला थर रोज नवा करतो, आणि रंगास ती विद्या अजून साधलेली नाहीं.