बोल्टचा दाखला

या स्मरणिकेत बाईंच्या, सरांच्या आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या आठवणी भरपूर येणार, हे गृहीत धरून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या बॅचमधले निदान पाच-सहा जण आज नगरच्या एमआयडीसीत नाहीतर सुप्याला लोखंडाशी झटत आहेत, त्यांना तो परका वाटू नये. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरकडे वळले, पण गेली काही वर्षे माझे काम लोखंडी शेड उभारणाऱ्यांच्या कागदपत्रांशी जोडलेले आहे. तिथेच एक प्रश्न मागे लागला. हातातला बोल्ट चांगला आहे हे कोणी आणि कशावरून सांगायचे?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. १८७६-७८ च्या दुष्काळात तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. माती आणि माणसे इथली. पण त्या काळी पुलांचे लोखंड विलायतेहून येई. सरकारी रेल्वेचा माल लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत खरेदी व्हायचा आणि तो जहाजावर चढण्याआधी तिथलेच सल्लागार इंजिनिअर तपासायचे. म्हणजे गोदावरीवर पुणतांब्याजवळ जे उभे राहायचे, त्याच्या गुणवत्तेची साक्ष हजारो मैलांवर दिली जायची. इथल्या माणसाने ती फक्त मान्य करायची! पुढे १९१२ मध्ये कलकत्त्याला अलीपूरचे सरकारी टेस्ट हाऊस झाले, १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट आले, आणि ही साक्ष हळूहळू समुद्र ओलांडून भारतात आली.

त्या पुलांचे मुख्य जोड मात्र बोल्टचे नव्हते, रिव्हेटचे होते. हावड्याचा पूल १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, तोही रिव्हेटचाच. मला यातला मुद्दा असा वाटतो की रिव्हेट जागेवरच तपासता यायचा. लाल तापवून, ठोकून बसवला आणि थंड झाला की तपासनीस हातोडीने टकटक करून बघायचा. ढिला असला तर आवाज बद्द यायचा. कानाला कळायचे, कागद लागायचा नाही.

हाय-स्ट्रेंग्थ बोल्टने हे सगळे बदलले. अमेरिकेत त्याचे पहिले नियम १९५१ मध्ये आले. आपल्याकडे बोल्टसाठी आयएस ३७५७ आणि तो बसवण्याच्या पद्धतीसाठी आयएस ४००० ही मानके साठच्या दशकात आली. या बोल्टची ताकद पोलाद कोणते आणि ते किती तापवून कसे थंड केले यावर ठरते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. एम२० चा साधा ४.६ दर्जाचा बोल्ट साधारण १० टन ओढीला तुटतो, ८.८ दर्जाचा २० टनांच्या पुढे जातो. दोन्ही शेजारी ठेवा, डोक्यावरचे आकडे बोटाने झाका, आणि ओळखून दाखवा. (पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद सुमारे ८०० मेगापास्कल, दुसरा आठ सांगतो की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही.) टकटक करून इथे काही उपयोग नाही.

त्यात आपल्याकडे मापांचा गोंधळ. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचा ५५ अंशांचा कोन ठरवून दिला आणि त्याच इंची आट्या इथे रुजल्या. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, मेट्रिक आट्या ६० अंशांच्या झाल्या, पण दुकानात बोल्ट अजूनही सुतातच मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सुती बोल्ट आणि एम१६ यांच्या जाडीत केसाचा फरक आहे, म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे चढतोही. मग अडतो, आणि कुणीतरी पान्याला पाइप लावून तो पुढे रेटतो. तोंडी मागणीची ही किंमत आहे.

१९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये तिच्या शिक्क्याचा कायदा झाला, आणि आयएसआय हा शब्द आपल्या आयांच्या तोंडीसुद्धा बसला. पण शिक्का माल कुठल्या मानकाचा ते सांगतो. बांधकामात आणखी एक गोष्ट हवी असते: याच खोक्यातल्या बोल्टचे काय?

इथे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा कागद उपयोगी पडेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टर नंबर असतो. त्यावरून शाळेच्या जनरल रजिस्टरमधली आपली ओळ सापडते. नंबर नसेल तर दाखला नुसता सुंदर अक्षरातला कागद. बोल्टच्या टेस्ट सर्टिफिकेटवर (कारखान्यात सगळे टीसीच म्हणतात, आणि दाखल्यालाही आपण टीसीच म्हणायचो) हेच काम लॉट नंबर आणि हीट नंबर करतात. हीट म्हणजे पोलादाची भट्टीतली एक खेप. त्या नंबरावरून रासायनिक घटक, कठीणपणा, प्रूफ लोड मागे शोधता येतात. युरोपच्या ईएन १०२०४ मानकात दाखल्यांचे प्रकारच आहेत. २.२ मध्ये कारखाना सांगतो, ‘आमचा माल साधारण असा असतो.’ ३.१ मध्ये प्रत्यक्ष पाठवलेल्या मालाच्या चाचण्या असतात आणि सही उत्पादन विभागाबाहेरच्या माणसाची लागते. ३.२ मध्ये शिवाय खरेदीदाराचा किंवा सरकारी नियमांनी नेमलेला तपासनीस सही करतो. ज्याच्यावर माल खपवायची जबाबदारी आहे त्यानेच तो पास करू नये, एवढी साधी गोष्ट आहे ही.

ती न पाळल्यावर काय होते ते अमेरिकेने १९८० च्या दशकात पाहिले. ग्रेड ८ ची खूण मारलेले बोल्ट प्रत्यक्षात स्वस्त बोरॉन पोलादाचे, ८.२ दर्जाचे निघाले. थंड असताना ठीक, पण तापले की नरम पडणारे. संसदीय समितीची चौकशी झाली आणि १९९० मध्ये फास्टनर क्वालिटी ॲक्ट आला. आपल्याकडे केंद्राने नट-बोल्टच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२३ मध्ये काढला आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. लहान कारखानदारांची अडचण मला समजते, चाचणीचा खर्च खरा आहे. तरी पुढे ढकलण्याचा खर्चही कुणीतरी मांडायला हवा होता.

माझ्या कामातला एक किस्सा सांगते. एका फॅब्रिकेटरचे, नाव राहू दे, जुने टीसी स्कॅन करून आम्ही संगणकात भरत होतो. एम१६ आणि एम२० अशा दोन लॉटच्या कागदांवर हीट नंबर एकच निघाला. ते चालू शकते, एकाच खेपेतून दोन्ही बनू शकतात. पण दोन्हींचा तुटण्याचा भारही किलोन्यूटनमध्ये तंतोतंत तोच होता! जाडी वेगळी आणि भार तोच, हे शक्य नाही. पुरवठादाराने जुना कागद घेऊन फक्त तारीख आणि माप बदलले होते. बोल्ट प्रयोगशाळेत पाठवायला लावले. काही पास झाले, काही नाही. शेडच्या कुठल्या सांध्यात त्यांतले कोणते गेले होते याची नोंद नव्हती, म्हणून त्या लॉटवर उभे राहिलेले सगळे सांधे एकेक करून सोडवून नव्याने आवळावे लागले. हे काम तीन आठवडे चालले, तेही ऐन पावसाळ्यात.

आता त्यांच्या स्टोअरमध्ये दोन कपाटे आहेत. एकावर खडूने ‘कागद आला’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘कागद यायचा आहे’. कुलूप दुसऱ्याला आहे, आणि किल्ली स्टोअरकीपरकडे नसून हिशोबाच्या बाईंकडे असते.