पार्लर चालवताय? विमा काढताना तीन गोष्टी वेगळ्या धरा : सामान, गिऱ्हाईक आणि स्वतः

पलूस, भिलवडी, आष्टा, कडेगाव, कुठंही जा, ब्युटी पार्लरचा बोर्ड दिसतोच. कुणी बाजारपेठेत गाळा घेतलाय, कुणी घराच्या पुढच्या खोलीत खुर्ची-आरसा मांडलाय, तर कुणी फक्त लग्नसराईत बॅग घेऊन नवरीच्या घरी मेकअपला जातं. विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "बँकेनं कर्ज देताना काढलाय की." पण तो विमा कशाचा, किती रकमेचा आणि त्याचा कागद कुठं आहे, हे सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा अनेक छोट्या दुकानदारांना हाच प्रश्न पडला होता.

एकट्या बाईच्या पार्लरला तीन वेगवेगळे धोके असतात. एका पॉलिसीत तिन्ही आपोआप येत नाहीत, म्हणून प्रत्येक वेगळा तपासावा.

१) सामानाचा विमा

आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप यासाठी छोट्या व्यवसायांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठराविक नमुन्याची पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१ पासून ती लागू आहे आणि एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती चालते. त्यात पूर येतो, पण नुसती चोरी येत नाही. चोरीसाठी घरफोडीचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ते कलमही साधारणपणे कुलूप, शटर, खिडकी फोडून झालेल्या चोरीलाच लागू होतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत मेकअप किट गेलं तर पैसे मिळत नाहीत.

आग, घरफोडी, काच फुटणं, मशीन बिघडणं, गिऱ्हाइकाची जबाबदारी अशी कलमं एकत्र हवी असतील तर 'शॉपकीपर पॅकेज' मागा. लागतील तेवढीच कलमं निवडता येतात. दुकानाच्या विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून भाव विचारा.

रक्कम कमी लावून हप्ता वाचवू नका. समजा खुर्ची, स्टीमर, वॅक्स हीटर, इन्व्हर्टर, आरसे, क्रीम-कलरचा साठा मिळून २ लाखांचा माल आहे आणि विमा १ लाखाचाच काढला. पुरात ८० हजारांचं नुकसान झालं तर कंपनी निम्मेच, म्हणजे ४० हजार धरते. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे, त्यापुढं कपात होते. लग्नसराईत माल जास्त भरत असाल तर रक्कम त्या हिशेबानं लावा.

घरात पार्लर असेल तर घराच्या विम्यात व्यवसायाचं सामान धरलं जाईल असं समजू नका. तसंच पॉलिसी तिच्यात लिहिलेल्या पत्त्यापुरती असते. मेकअपची बॅग घेऊन गावोगाव फिरत असाल तर ते आधी सांगून कागदावर लिहून घ्या.

२) गिऱ्हाइकाला इजा झाली तर

गरम वॅक्सनं कातडी भाजणं, फेशियलनंतर चेहरा सुजणं, हेअर कलरची ॲलर्जी येणं, हे प्रकार घडतात. काळ्या हेअर डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं काहींना जोरदार ॲलर्जी होते. गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतं. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे तक्रार करणं सोपं आहे.

दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय आयोगानं सप्टेंबर २०२१ मध्ये २ कोटींची भरपाई सांगितली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रक्कम रद्द केली आणि नुकसान पुराव्यावर ठरवा म्हणून प्रकरण परत पाठवलं. आपल्याकडे आकडे एवढे मोठे नसतील, पण पुरावा दोन्ही बाजूंना लागतो हे यातून घ्यावं.

विमा घेताना इथंच चूक होते. 'पब्लिक लायबिलिटी' म्हणजे गिऱ्हाईक ओल्या फरशीवर घसरलं, अंगावर आरसा पडला अशी जबाबदारी. तुम्ही केलेल्या कामामुळं इजा झाली तर ती त्यात येईलच असं नाही. एजंटला सरळ विचारा : "वॅक्स, फेशियल, कलर, केराटिन यातून इजा झाली तर पैसे मिळणार का?" उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कलमात दाखवायला सांगा. इंजेक्शन, लेसर ही डॉक्टरांची कामं, ती पार्लरमध्ये करू नका. त्यावर विम्याचा आधार मिळेल अशी अपेक्षाही नको.

विमा असो-नसो, कलरच्या ४८ तास आधी कानामागं किंवा कोपराच्या आत थोडा लावून पाहा. वहीत तारीख आणि गिऱ्हाइकाची सही घ्या, डब्याच्या बॅच नंबरचा फोटो ठेवा.

३) स्वतःचा विमा

हात मोडला तर पार्लर बंद, आणि दुकानाचा विमा त्या दिवसांचे पैसे देत नाही.

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमचं असल्यास १ लाख.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती : वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात घेता येतो. कोणत्याही कारणानं मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख.

दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. पैसे खात्यातून आपोआप जातात, म्हणून मे अखेरीस खात्यात शिल्लक ठेवा. मात्र साधं हाड मोडलं तर यातलं काही मिळत नाही. त्यासाठी काम बंद असताना आठवड्याला ठराविक रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

बँकेनं काढलेला विमा असेल तर

शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा आणि चार गोष्टी बघा : नाव, दुकानाचा पत्ता, व्यवसाय 'ब्युटी पार्लर' असाच लिहिलाय का, आणि मुदत. गाळा बदलला असेल तर नवा पत्ता लेखी कळवा. कर्ज फिटल्यावर बँक विमा पुढं चालू ठेवेल असं धरून चालू नका.

नुकसान झालं तर

पीक विम्यातली ७२ तासांची अट आपल्याला माहीत आहे. इथंही उशीर चालत नाही, त्याच दिवशी कंपनीला कळवा. सामान हलवण्याआधी फोटो काढा. चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद, पूर असेल तर पंचनाम्याची प्रत घ्या. खरेदीची बिलं मोबाइलवर फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, दुकानातली फाईल पाण्यात गेली तरी ती राहतील.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जाता येतं. एकट्यानं चालवलेल्या व्यवसायाचीही तक्रार तिथं घेतात, फी नाही.

सगळं एकदम परवडत नसेल तर क्रम असा लावा : आधी बँकेतले दोन सरकारी विमे, मिळून वर्षाला ४५६ रुपये. मग सामानाचा पुरासकट विमा. त्यानंतर गिऱ्हाइकाच्या इजेचं कलम. आणि सही करण्याआधी पॉलिसीत काय येत नाही, ते पान घरी नेऊन वाचा.