संगणकजालांची सुरक्षा, मुंबई उपनगरांतील
परस्परांस जोडलेले संगणक आणि त्यांतील माहिती यांचे अनधिकृत प्रवेशापासून रक्षण करण्याची व्यवस्था म्हणजे संगणकजालाची सुरक्षा होय. ती सांभाळण्याचे दैनंदिन काम यंत्रणा-प्रशासकाकडे असते. भारतातील या कामाच्या आरंभीच्या इतिहासात मुंबईच्या उपनगरांना महत्त्वाचे स्थान आहे.

केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘एर्नेट’ प्रकल्प हाती घेतला. त्यानुसार जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व पवईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था यांच्यात दूरध्वनीच्या तारांवरून संदेशांची देवघेव सुरू झाली. जुहू केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा या कार्यात मोठा वाटा होता. १९८९ मध्ये हे केंद्र सेकंदास ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या वाहिनीने अमेरिकेशी जोडले गेले. जाल वापरणारे थोडे व बहुधा परस्परांच्या परिचयाचे असल्याने या काळात भर जोडणीवर होता; पहारा गौण होता.

अशा विश्वासातील धोका अमेरिकेत नोव्हेंबर १९८८ मध्येच उघड झाला होता. ‘मॉरिस वर्म’ हा स्वतःच्या प्रती काढणारा कार्यक्रम तेथील हजारो संगणकांत शिरला. ‘सेंडमेल’ या टपाल-प्रणालीतील उणीव आणि सोपे परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, ही त्याच्या प्रवेशद्वारांपैकी दोन होती.

दहा वर्षांनी हाच धडा देवनारच्या शेजारी, तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रास मिळाला. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर जूनच्या आरंभी ‘मिलवर्म’ या गटाने केंद्राच्या जालात प्रवेश केला. निरनिराळ्या देशांतील, बहुतेक किशोरवयीन अशा या गटाने काही ई-पत्रे नेली व संकेतस्थळाचे पान बदलले. तत्कालीन वृत्तांत पुन्हा सेंडमेलमधील उणीव व सहज उकलणारे परवलीचे शब्द यांचाच उल्लेख आढळतो.

संगणकात परवलीचा शब्द मूळ रूपात न ठेवता त्याचे संकेतरूप साठविले जाते. त्यावरून मूळ शब्द थेट काढता येत नाही. परंतु शब्दकोशातील एकेका शब्दाचे संकेतरूप तयार करून ते साठविलेल्या रूपाशी ताडून पाहता येते. हे काम करणारी साधने घुसखोराइतकीच प्रशासकासही उपलब्ध असतात. ती आधी वापरून कच्चे शब्द बदलून घेणे, प्रणालींतील दुरुस्त्या वेळेवर बसविणे, अनावश्यक सेवा बंद ठेवणे आणि संवेदनशील संगणक बाहेरच्या जालापासून अलग ठेवणे, हे संरक्षणाचे मुख्य उपाय होत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय प्रतिसाद यंत्रणा स्थापन झाली. तथापि तुर्भे येथे उपयोगी पडले असते असे बहुतेक उपाय १९९८ पूर्वीच ज्ञात होते. उणीव ज्ञानाची नसून नित्याच्या देखभालीची होती.