सायकलच्या दिव्याची हकीकत

'दिवेलागणीच्या आत घरी' हा आमच्या घरचा नियम होता, आणि तो फक्त मुलींना लागू होता. भाऊ रात्री नऊला आले तरी त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवलेले असे. 1963 साली मी टायपिंग व शॉर्टहँड शिकायचे ठरवले, तेव्हा पुण्यातल्या त्या वर्गाची माझ्या सोयीची वेळ निघाली संध्याकाळी साडेसहाची. सायकल होती, दिवा नव्हता. आईने वर्गाला नाही म्हटले नाही. 'आधी दिवा, मग वर्ग,' एवढेच म्हणाली. बहुधा दिवा काही येणार नाही, असा तिचा हिशेब असावा. पण चार दिवसांनी वडिलांनी सायकल दुकानात नेली आणि पुढच्या चाकाला डायनामो बसवून आणली. नियम रद्द झाला असे कोणी बोलून दाखवले नाही. मी मात्र साडेआठला घरी येऊ लागले.

त्या दिव्याने माझ्या दिवसाला दोन तास जोडले. तो मुळात आला कुठून, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. पुढे सवड मिळाली तशी वाचत गेले, त्यातले काही मंडळाच्या मैत्रिणींसाठी येथे लिहीत आहे.

सायकलचे पहिले दिवे तेलाचेच होते. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे टीचभर, अशा त्या उंच सायकलींच्या काळात कंदील चक्क मोठ्या चाकाच्या आत, आसाला टांगत. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी 1870 नंतरच्या दशकाच्या अखेरीस असा दिवा काढला व त्याचे नाव ठेवले 'किंग ऑफ द रोड'. नाव राजाचे, पण उजेड वातीचाच. खड्ड्यात चाक आदळले की राजेसाहेब विझत. 1888 च्या इंग्रजी कायद्याने सायकलीला गाडीचा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत दिवा सक्तीचा केला. म्हणजे कायद्यालाही दिवेलागण होती. फक्त ती बायका आणि पुरुष दोघांना सारखी होती.

मग आला कार्बाइडचा दिवा. 1892 साली अमेरिकेत टॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात करण्याची युक्ती सापडली, आणि त्या दशकाच्या शेवटी हे दिवे सायकलींवर आले. खाली कार्बाइडचे खडे, वर पाण्याची टाकी. पाणी थेंबथेंब पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पांढऱ्या झगझगीत ज्योतीने जळे. आंबे पिकवण्यासाठी ज्याचा वापर आपल्याकडे आता कायद्याने बंद आहे, तोच हा कार्बाइड. उजेड उत्तम, पण वास लसणासारखा उग्र. शिवाय रोज रात्री डब्यातला चुन्याचा चिखल खरवडून काढायचा. भांडी घासण्यात हेही एक भांडे वाढले, असे त्या घरच्या बायकांना वाटले असेल तर नवल नाही!

वीज या सगळ्याच्या आधी सापडली होती. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 सालीच दाखवले. सायकलचा डायनामो म्हणजे तेच. बाटलीच्या आकाराच्या त्या डबीच्या डोक्यावरचे खरबरीत छोटे चाक टायरच्या कडेला टेकते, टायर त्याला फिरवते, आणि आतला चुंबक वेटोळ्यात गरगरतो. जर्मनीतल्या बॉश कंपनीने 1923 साली असा दिवा बाजारात आणला. पुढे पुष्कळांनी केले. वीज ती केवढी? सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला आणि 0.6 वॅट मागच्या लाल दिव्याला. त्या काळच्या झीरोच्या बल्बाहूनही कमी, तरी अंधाऱ्या रस्त्यावर तेवढ्याने खड्डा दिसे. पुढचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची सगळी वीज मागच्या चिमुकल्या बल्बावर येई आणि तोही जाई. पावसात चाक निसटे. कर्रकर्र आवाज तर असा, की आई म्हणे, 'गल्लीच्या तोंडाशी आलीस की कळतं मला.' आता वाटते, तिला त्या आवाजाचाच मोठा आधार होता. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने 1936 च्या सुमारास चाकाच्या तुंब्यातच बसणारा डायनामो केला. तो आवाज करीत नसे आणि टायरही झिजवीत नसे; 1984 पर्यंत तो निघत होता. आमच्या खिशाला परवडणारी ती वस्तू नव्हती.

दुकानदाराने त्याच दिवशी मागच्या चाकावर जाळीही बसवून दिली होती. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती असते. युरोपात 1890 नंतर बायका मोठ्या संख्येने सायकली चालवू लागल्या, तेव्हा त्यांच्या घोळदार झग्यांसाठी मागच्या चाकावर अशा दोऱ्या विणत. हॉलंडमध्ये तसली आवरणे अजून सर्रास दिसतात. वस्तुतः आपल्या नऊवारीला काष्टा असल्याने ती सायकलला पाचवारीपेक्षा सोयीची; पण हे आमच्या आजीला कोण पटवणार?

आता मागच्या दिव्याविषयी. पुढचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. मागचा, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून. इंग्लंडात यावर मोठा वाद झाला. सायकलवाल्यांच्या जुन्या संस्थेचे, सायकलिस्ट्स टूरिंग क्लबचे, म्हणणे असे की मागून येणाऱ्या मोटारवाल्याने आपल्या उजेडात दिसेल तेवढ्याच वेगाने चालवावे. सायकलवाल्याला मागे दिवा लावायला लावले की अपघाताचा दोष त्याच्याच माथी येईल. म्हणणे न्यायाचे होते. तडजोड म्हणून लाल भिंग व मडगार्डच्या शेपटावर पांढरा पट्टा एवढ्यावर काही वर्षे भागले. पुढे 1939 साली युद्ध सुरू झाले, सगळीकडे काळोख करण्यात आला, आणि मागचा दिवा सक्तीचा झाला. 1945 साली तो कायद्याने कायमचा झाला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या मडगार्डांवरचे पांढरे शेपूट हा त्याच तडजोडीचा अवशेष. आम्ही त्याला शोभेचे समजत होतो.

त्या भिंगाशी माझा हिशेब आहे. डायनामोचा मोठा दोष हा, की चाक थांबले की दिवा विझतो. 1964 च्या पावसाळ्यात एका रेल्वे फाटकाशी मी गाडी जाण्याची वाट पाहत उभी होते. पुढे-मागे दोन्ही दिवे अर्थातच गेलेले. मागून आलेल्या मालट्रकने हातभर अंतरावर करकचून ब्रेक दाबला. ड्रायव्हर खाली उतरला. तोही थरथरत होता. 'बाई, ते लाल भिंग चमकलं म्हणून दिसलात,' एवढेच तो म्हणाला. घरी सांगितले असते तर दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद झाला असता, म्हणून सांगितले नाही. आई गेली, वडील गेले. आज प्रथमच लिहीत आहे.

हा दोष दूर व्हायला आणखी तीस वर्षे लागली. 1990 नंतर थोडी वीज साठवून ठेवणारा लहानसा कपॅसिटर दिव्यातच बसवू लागले. त्याने सायकल थांबल्यावरही दिवा काही मिनिटे तेवत राहतो. 1993 साली नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी साधला आणि त्यावरूनच पुढे पांढरा एलईडी झाला, तेव्हा त्याच तीन वॅटांत कितीतरी पट उजेड मिळू लागला. (निळ्या एलईडीबद्दल त्यांना व आणखी दोघांना 2014 चे नोबेल मिळाले.) डेन्मार्कमध्ये ओडेन्से शहरी 2004-05 साली सुमारे 3,800 सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या सायकलींना चाकातल्या चुंबकावर चालणारे, दिवसाही न विझणारे दिवे लावले. त्यांचे इजा होणारे अपघात बाकीच्यांपेक्षा 19 टक्क्यांनी कमी निघाले. शर्यतीच्या हलक्या सायकली सोडून बाकी सर्वांना डायनामो हवाच, असा जर्मनीचा नियम होता. 2013 साली त्यांनीही बॅटरीच्या दिव्याला परवानगी दिली.

माझ्या नातीच्या सायकलला तसलाच चार्जिंगचा दिवा आहे. तो थांबल्यावर विझत नाही, आवाज करत नाही, पाय जड करत नाही. परवा साडेआठ वाजून गेले तरी ती आली नाही, आणि मी दारात जाऊन कान लावून उभी राहिले. मग आठवले, आता ऐकू काही येणारच नाही. तेवढ्यात तिचा फोन आला, 'आजी, दिवा चार्ज करायला विसरले. सायकल ढकलत येतेय, काळजी करू नकोस.'